खड्ड्याच्या दोन्ही काठांवरच्या सह्या

घरी आलेल्या पाहुण्याला माझी जुन्या अमेरिकी रेल्वे बाँडांची, म्हणजे कर्जरोख्यांची, फाइल दाखवली, की दुसरं पान उलटायच्या आत प्रश्न येतो: "हे आता वटवले तर किती मिळतील?" आमच्या नागपूरच्या मामांनी तर व्हिडिओ कॉलवरच हिशेब मांडला होता. हजार डॉलर मुद्दल, सात टक्के व्याज, दीडशे वर्षं, वर चक्रवाढ. "अरे, मग तू नोकरी कशाला करतोस?"

मिळत काहीच नाही. ज्या रेल्वे कंपनीने पैसे द्यायचे ती एक तर बुडाली, नाहीतर विकली गेली, नाहीतर तिने देणं फेडून कागदाला भोकं पाडली आणि तो रद्द केला. ‘परतफेड सोन्याच्या नाण्यांत’ असं काही बाँडांवर छापलेलं असतं आणि ते वाचून लोकांचे डोळे लकाकतात. पण ती अट अमेरिकी काँग्रेसने १९३३ मध्येच निकालात काढली. बॉल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या एका बाँडधारकाने साडेबावीस डॉलरच्या व्याजाच्या कूपनाचे सोन्याच्या नव्या भावाने ३८ डॉलर १० सेंट मागितले, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि १९३५ मध्ये तो हरला. तरीसुद्धा नव्वदच्या दशकात असे रद्दी बाँड ‘कोट्यवधींचे आहेत’ म्हणून गळ्यात मारणारे निघालेच. ट्रेझरी खात्याला लोकांना जाहीर सावध करावं लागलं. मामांना मी हे सगळं सांगितलं. त्यांना अजून पटलेलं नाही.

मी राहतो व्हर्जिनियात, रिचमंडला. इथे जुन्या कागदांची प्रदर्शनं भरतात: नकाशे, पोस्टकार्डं, मेन्यूकार्डं, बिलं, पत्रं. एका बाजूला हमखास एक-दोन टेबलं शेअर सर्टिफिकेटं आणि बाँडांची. मी नकाशे बघायला गेलो होतो. रेल्वेचे बाँड हातात आले ते त्यांच्या आकारामुळे. कागद चांगला मोठा, घडी घातलेला. वर मजकूर, आणि त्याला जोडून पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखा कूपनांचा तक्ता. दर सहा महिन्यांनी एक कूपन कात्रीने कापायचं, बँकेत द्यायचं, व्याज घ्यायचं. तीस वर्षांचा बाँड म्हणजे साठ कूपनं. त्यातली किती कापली आणि किती तशीच राहिली, एवढं पाहिलं तरी कंपनीने कुठवर शब्द पाळला याचा अंदाज येतो. ताळेबंद वाचायची गरज नाही.

छपाई तर बघत राहावी अशी. पोलादी पाटीवर कोरून केलेलं काम, बोट फिरवलं की रेघ उठून लागते. हे सगळं सौंदर्यासाठी नव्हतं, नकली बाँड छापणाऱ्यांना जमू नये म्हणून होतं. नोटा छापणारेच लोक हे बाँड छापत. अमेरिकन बँक नोट कंपनी १८५८ मध्ये सात छापखाने एकत्र येऊन झाली, तिचं नाव अशा कागदांच्या तळाशी बारीक अक्षरांत सारखं दिसतं. इंजिनाची, बंदरांची, नांगरधाऱ्या शेतकऱ्यांची ही चित्रं पाहून जमवणारे पुष्कळ आहेत. माझं लक्ष चित्रावर फार टिकलं नाही. खाली उजवीकडे, अध्यक्षाच्या नावापुढे, कोणीतरी खरोखर हाताने सही केलेली होती. प्रत्येक बाँडवर. म्हणजे कंपनीने हजारो बाँड काढले, तर हजारो वेळा.

टेबलावरचे डीलर वयस्क गृहस्थ होते. गिऱ्हाईक नवखं आहे हे त्यांनी ओळखलं, पण माल गळ्यात मारला नाही. उलट एक गोष्ट शिकवली, जी मी अजून घट्ट धरून आहे. म्हणाले, "सही कोणाची ते नंतर बघा. कोणत्या नात्याने केलीय ते आधी बघा."

याचा अर्थ कळायला मला बरेच महिने आणि बरंच वाचन लागलं. राजकारण्याची सही रेल्वेच्या बाँडवर येण्याच्या दोन मुख्य वाटा. एक, गव्हर्नर म्हणून. अमेरिकेतल्या उत्तर विरुद्ध दक्षिण अशा यादवी युद्धानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी रेल्वे कंपन्यांच्या कर्जांना हमी दिली किंवा स्वतःचेच रोखे काढून कंपन्यांच्या हाती दिले. जॉर्जियात गव्हर्नर रुफस बुलक यांनी ब्रन्सविक अँड अल्बनी रेल्वेच्या बाँडांवर राज्याची हमी घातली. पुढच्या विधिमंडळाने ती झटकली आणि १८७७ च्या राज्यघटनेत ‘हे पैसे कधीही देऊ नयेत’ असं लिहूनच ठेवलं. फ्लोरिडात गव्हर्नर हॅरिसन रीड यांच्या काळात, १८७० मध्ये, जॅक्सनव्हिल, पेन्साकोला अँड मोबाइल रेल्वेसाठी राज्याचे रोखे निघाले. ते जाऊन विकले गेले थेट हॉलंडात. काही वर्षांत फ्लोरिडाच्या न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. डच मंडळी कागद धरून बसली.

राज्यावर खटला का भरत नव्हते? कारण अमेरिकेच्या घटनेची अकरावी दुरुस्ती. खासगी माणूस राज्याला फेडरल कोर्टात खेचू शकत नाही. यातून एकाने नामी पळवाट काढली. नॉर्थ कॅरोलिनाचे रेल्वेसाठी काढलेले दहा रोखे होते, राज्य पैसे देईना. धारकाने ते चक्क साउथ डकोटा राज्याला दान केले. आता एक राज्य दुसऱ्या राज्यावर खटला भरू शकतं! १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साउथ डकोटाच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल वाचताना मी रात्री एकटाच मोठ्याने हसलो होतो, बायको उठून बघून गेली.

दुसरी वाट म्हणजे कंपनीचा अध्यक्ष म्हणून. इथे राजकारणी हमी देणारा नसतो, कर्ज घेणारा असतो. आणि काही वेळा एकच माणूस दोन्हीकडे. लेलँड स्टॅनफर्ड १८६१ पासून सेंट्रल पॅसिफिकचा अध्यक्ष, आणि १८६२-६३ ही दोन वर्षं कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर. आपल्याच रेल्वेला मदत देणारे कायदे विधिमंडळातून आले, की गव्हर्नर म्हणून त्यांवर सही करणारा हाच. आज असं कोणी केलं तर चौकशी समिती बसेल. तेव्हा सॅक्रामेंटोत ८ जानेवारी १८६३ ला मोठा समारंभ झाला आणि पहिला फावडा मारला तोही गव्हर्नर-अध्यक्षांनीच.

हे कळल्यावर मी स्वतःपुरता नियम केला. बाँडच घ्यायचा, शेअर नाही. सही हातची हवी, छापील नको. सही करणाऱ्याने कधीतरी निवडून येऊन सार्वजनिक पद भूषवलेलं असावं. आणि सही कंपनीचा अध्यक्ष या नात्याने असावी. गव्हर्नरांच्या सह्या त्यामुळे आपोआप बाद झाल्या, खिशाला दिलासा मिळाला. स्टॅनफर्ड नियमात बसतो, पण खिशात बसत नाही.

व्हर्जिनियात राहून या नियमाने शोधायला लागलं तर पहिलं नाव येतं विल्यम महोन. अटलांटिक, मिसिसिपी अँड ओहायो रेल्वे, १८७१, हजार डॉलर, व्याज सात टक्के, मुदत १९०१. त्याच्या सहीचे बाँड दुर्मीळ नाहीत. मोठं कर्ज काढलं होतं, बहुतेक इंग्लंडमधल्या गुंतवणूकदारांच्या पैशातून, त्यामुळे कागदही भरपूर. नवख्याने सुरुवात अशाच सहीपासून करावी असं माझं मत आहे. भरपूर असली की शेजारी शेजारी ठेवून ताडून बघता येते.

ते ताडणं म्हणजे काय, हे सांगतो. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्यायचं आणि सही जिथे छापील रेघेला ओलांडते तिथे बघायचं. हातची शाई छपाईच्या वर बसलेली असते. टाकाच्या दोन फाळक्यांनी दाब पडल्यावर दोन्ही कडांना शाई जास्त साचते आणि मध्ये थोडी फिकी राहते, भिंगातून हे दोन रूळ स्पष्ट दिसतात. छापील सहीत किंवा रबरी शिक्क्यात ते दिसत नाहीत. मग शाईचा रंग. त्या काळची शाई लोहाची, हिराकस आणि मायफळाची. ती काळी लागते आणि वर्षांनी तपकिरी होते, कधी कागदही खाते. (आपल्या मोडी दप्तरांतली काजळीची शाई दोनशे वर्षांनीही काळीच राहते, हे इथल्या एका जमवणाऱ्याला मी मोठ्या अभिमानाने ऐकवलं होतं.) आणि सर्वांत मजेची गोष्ट म्हणजे लागोपाठ क्रमांकाचे दोन बाँड मिळाले तर टाक दौतीत कधी बुडवला तेही कळतं. एका बाँडवर नाव गडद सुरू होऊन शेवटी फिकं पडलेलं, पुढच्या क्रमांकावर पुन्हा गडद. महोनचे असे दोन मी डीलरच्या टेबलावर एकावर एक ठेवून पाहिले. माणूस ओळीने सह्या करत बसलाय, शेजारी कारकून वाळलेले कागद उचलतोय, हे डोळ्यांसमोर उभं राहिलं.

माझ्या महोनच्या बाँडवर महसुली तिकीटही आहे, आद्याक्षरं लिहून रद्द केलेलं. युद्धाचा खर्च भागवायला १८६२ मध्ये कागदपत्रांवर कर बसला, तो बहुतांश १८७२ मध्ये उठला. त्या दहा वर्षांतल्या कागदाला तिकीट असणं ही वयाची एक चांगली खूण. कूपनं अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. का, ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. १८७३ च्या आर्थिक पडझडीनंतर कंपनीला व्याज जड झालं, १८७६ मध्ये ती रिसीव्हरच्या, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या कारभाऱ्याच्या, ताब्यात गेली आणि १८८१ मध्ये लिलावात विकली जाऊन नॉरफोक अँड वेस्टर्न झाली.

महोन हा मुळात इंजिनिअर. पीटर्सबर्ग ते नॉरफोक ही लाइन त्याने बांधली, १८५८ मध्ये पूर्ण झाली. वाटेत दलदल, तिथे रूळ टिकणार नाहीत असं सगळे म्हणत होते. याने झाडांचे ओंडके आडवे-उभे अंथरून त्यावर भराव घातला. तो पाया आजही मालगाड्यांखाली आहे, लांबच लांब आणि सरळ. हायवे ४६० त्याला समांतर जातो. नॉरफोकला जाताना मी मुद्दाम तिकडून जातो, बायको वैतागते. स्टेशनांची नावं महोनच्या बायकोने, ओटिलियाने, हातातल्या इंग्रजी कादंबऱ्यांतून काढून ठेवली असं इथले लोक सांगतात. कंपनीच्या ए, एम, ओ या आद्याक्षरांचा अर्थ ‘ऑल माइन अँड ओटिलियाज’ असाही लावत, म्हणजे ‘सगळं माझं आणि ओटिलियाचं’. तीन कंपन्या एकत्र करून सगळ्यांवर एकच अध्यक्ष बसला की लोक असंच बोलणार.

हे सगळं वाचता वाचता पीटर्सबर्गच्या लढाईपाशी येऊन थांबलो आणि पुढचा बाँड कोणाचा घ्यायचा हे तिथेच ठरलं.

पीटर्सबर्ग रिचमंडच्या दक्षिणेला, गाडीने अर्ध्या तासावर. १८६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेचा सेनापती ग्रँट याने त्याला वेढा घातला होता, कारण रिचमंडला रसद नेणाऱ्या रेल्वे तिथेच एकत्र येत. उत्तरेच्या नवव्या कोअरमध्ये, म्हणजे सैन्याच्या एका मोठ्या विभागात, पेन्सिल्व्हेनियाची एक रेजिमेंट होती, बरेचसे खाणकामगार. त्यांनी शत्रूच्या मोर्चाखालपर्यंत पाचशे फुटांहून लांब बोगदा खणला आणि त्यात आठ हजार पौंड दारू ठासली. कोअरचा सेनापती होता अँब्रोज बर्नसाइड, गालांवरच्या दाट कल्ल्यांसाठी प्रसिद्ध असलेला. हल्ल्यात पुढे राहायला त्याने कृष्णवर्णीय सैनिकांची डिव्हिजन तयार केली होती. आदल्या दिवशी वरून हुकूम आला, ती पुढे नको. बर्नसाइडने उरलेल्या सेनापतींकडून चिठ्ठ्या काढवल्या. चिठ्ठी निघाली ती सर्वांत नालायक माणसाची. ३० जुलैला पहाटे वात पेटवली, ती मध्येच विझली, दोघं जण बोगद्यात परत गेले आणि त्यांनी पुन्हा पेटवली. स्फोटाने १७० फूट लांब आणि तीस फूट खोल खड्डा पडला. सैन्याने खड्ड्याच्या कडेने जायचं, ते आत उतरलं आणि अडकलं. दक्षिणेकडून उलटा हल्ला चढवून तो खड्डा परत घेतला तो महोनने, तेव्हा तो दक्षिणेच्या सैन्यात जनरल होता. नंतर पाठवलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांपैकी कित्येकांना शरण आल्यावरही मारलं गेलं. उत्तरेचे सुमारे ३८०० जण गमावले. बर्नसाइडला रजेवर पाठवलं आणि परत कधीच बोलावलं नाही. महोनला बढती मिळाली.

तो खड्डा आजही आहे, राष्ट्रीय रणभूमी उद्यानात. कडा झिजून उथळ झालाय, गवत उगवलंय. मुलांना घेऊन गेलो तर धाकटी म्हणाली, "एवढाच?"

बर्नसाइड युद्धानंतर काय झाला? रेल्वेचा अध्यक्ष! युद्धाआधीही तो इलिनॉय सेंट्रलमध्ये खजिनदार होता, तेव्हा या धंद्यात नवखा नव्हता. युद्ध संपल्यावर इंडियानापोलिस अँड विन्सेन्स रेल्वे, कैरो अँड विन्सेन्स रेल्वे, शिवाय रोड आयलंडमधला इंजिनांचा कारखाना, सगळीकडे अध्यक्ष. आणि १८६६ ते १८६९ रोड आयलंडचा गव्हर्नर. म्हणजे स्टॅनफर्डसारखाच दोन खुर्च्यांवर, फक्त याची खुर्ची एका राज्यात आणि रूळ दुसऱ्या राज्यात. त्याने नॅशनल रायफल असोसिएशनचंही पहिलं अध्यक्षपद भूषवलं, १८७१ मध्ये. या माणसाला अध्यक्ष व्हायला फारसा आग्रह करावा लागत नसावा.

इंडियानापोलिस अँड विन्सेन्सचा त्याच्या सहीचा बाँड लिलावात आला. लिलावाची रीत एकदा समजून घेतली की पुढे सोपं. यादीत लिहिलेला अंदाज हा अंदाजच. बोलीवर लिलाव-घराचं कमिशन चढतं, ते वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात असू शकतं, वर टपाल, वर विमा. म्हणून मी आधी सगळं धरून एक आकडा कागदावर लिहितो आणि मागे मोजत येऊन बोलीची मर्यादा काढतो. बर्नसाइडच्या वेळी वर्णनात ‘कॅन्सलेशन होल्स’ एवढंच लिहिलं होतं. भोकं कुठे आहेत हे लिहिलं नव्हतं. फोटो मागवला. सहीवरून भोक गेलेलं असेल तर किंमत निम्म्याने उतरते, आणि या फोटोत भोक ‘बर्नसाइड’च्या शेवटच्या अक्षराच्या शेपटीला चाटून गेलेलं. माझ्या दृष्टीने हा फायदाच होता, कारण पैसेवाले जमवणारे अशा कागदापासून लांब राहतात. त्या लॉटवर माझ्याबरोबर फक्त एकच जण शेवटपर्यंत होता आणि तोही माझ्या कागदावरच्या आकड्याच्या एक पायरी आधी थांबला.

पार्सल मात्र भलत्याच अवस्थेत आलं. पाठवणाऱ्याने कागद गुंडाळून अरुंद नळीत कोंबलेला. दीडशे वर्षं घडीत राहिलेला कागद उलट्या दिशेने गुंडाळला की घडीवर फाटतोच. दीड इंच फाटलं होतं. चिकटपट्टी लावायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी. इथे कागद दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी पाठीमागून जपानी कागदाचा झिरझिरीत पट्टा गव्हाच्या खळीने लावला. खळ का, तर पाणी लावलं की पुन्हा सुटते. दुरुस्ती परत काढता आली पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम. आता दोन्ही बाँड पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटांत, सपाट ठेवलेत. स्टेशनरीच्या दुकानातली प्लास्टिकची पाकिटं, वास येणारी, कधीच वापरू नयेत. पीव्हीसीतून जे सुटतं ते शाईला धरतं. भिंतीवर टांगायचा मोहही आवरलेला बरा. उन्हात सही आधी जाते, कागद नंतर.

आता मूळ मुद्दा. दोन बाँड एका फाइलमध्ये समोरासमोर आल्यावर मी दोघांच्या तारखा ताडत बसलो. बर्नसाइड १८७५ पासून सिनेटर, रोड आयलंडचा, रिपब्लिकन. महोन ४ मार्च १८८१ ला सिनेटर झाला, व्हर्जिनियाचा. म्हणजे खड्ड्याच्या दोन काठांवरचे हे दोघे एकाच सभागृहात एकाच वेळी! लायब्ररी ऑफ काँग्रेसचा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे, त्यात मार्च १८८१ चे अंक काढून वाचायला लागलो आणि दोन-तीन रात्री त्यातच गेल्या. सिनेटमध्ये तेव्हा ३७ रिपब्लिकन, ३७ डेमोक्रॅट, एक अपक्ष, आणि एक महोन. अपक्ष डेमोक्रॅटांकडे झुकला. महोन कुठे जाणार, यावर समित्या कोणाच्या हे ठरणार होतं. दक्षिणेचा हा माजी जनरल उठला आणि रिपब्लिकनांना मिळाला. बरोबरी झाली, उपाध्यक्ष चेस्टर आर्थरचं मत निर्णायक ठरलं. सतरा वर्षांपूर्वी याने ज्याचं सैन्य खड्ड्यात चेचलं, तो बर्नसाइड आता याच्याच बाजूच्या बाकांवर.

महोन निवडून कशावर आला हे तर आणखी गमतीचं. त्याच्या पक्षाचं नाव रीअॅडजस्टर. एकच मुख्य मागणी: व्हर्जिनिया राज्याने युद्धाआधीचं कर्ज पूर्ण फेडू नये, ते ‘रीअॅडजस्ट’ करावं. कमी करावं, सरळ सांगायचं तर. ते कर्ज मोठ्या प्रमाणात रेल्वे आणि कालवे बांधायलाच काढलेलं होतं. १८७१ मध्ये गव्हर्नर वॉकर यांच्या काळात राज्याने त्यातलं दोन तृतीयांश मान्य करून नवे रोखे काढले होते, व्याजाची कूपनं कर म्हणून भरायची सवलत दिली होती, आणि तिजोरीत रोख येईनाशी झाली. शाळा बंद पडायला लागल्या. रीअॅडजस्टरांनी कृष्णवर्णीय मतदारांना बरोबर घेतलं, सत्ता घेतली, १८८२ च्या कायद्याने मुद्दल सुमारे २ कोटी १० लाखांवर आणून व्याज तीन टक्क्यांवर उतरवलं, मतदानासाठी लागणारा डोईपट्टीचा कर उठवला, शाळांना पैसे दिले, पीटर्सबर्गला कृष्णवर्णीयांसाठी कॉलेज काढलं. आजची व्हर्जिनिया स्टेट युनिव्हर्सिटी ती हीच.

त्या खड्ड्यातल्या कत्तलीच्या वेळी हजर असलेला सेनापती आणि हे कॉलेज काढणाऱ्या पक्षाचा नेता, हा एकच माणूस. मी त्याला माफ करत नाही आणि निकालातही काढत नाही. सावकाराला बुडवावं असं भाषण करणारा हा गृहस्थ स्वतः मात्र हजारो बाँडांवर ‘पैसे देऊ’ म्हणून सही करून बसला होता, आणि कंपनी त्याच १८८१ मध्ये लिलावात गेली होती. बाँडधारक इंग्रजांनी त्या वर्षीची भाषणं वाचून काय म्हटलं असेल!

बर्नसाइडला हे सगळं फार दिवस बघता आलं नाही. १३ सप्टेंबर १८८१ ला तो गेला. महोनने सिनेटची मुदत पूर्ण केली, परत निवडून आला नाही. तो पीटर्सबर्गच्या ब्लँडफर्ड स्मशानभूमीत आहे, खड्ड्यापासून फार लांब नाही.

मुंबईहून आलेल्या एका मित्राने विचारलं, "आपल्याकडचं काही नाही का यात?" आपल्याकडे चित्र निराळं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे कंपनी १८४९ मध्ये लंडनला कायद्याने स्थापन झाली, कारभार लंडनमधून, पाच टक्के व्याजाची हमी ईस्ट इंडिया कंपनीची. मुंबईत रेल्वे यावी म्हणून नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी धडपड केली, १८५३ ला पहिली गाडी ठाण्याला धावली. पण कागदांवर सह्या लंडनच्या लोकांच्या. नानांच्या सहीचा रेल्वेचा कागद माझ्या नजरेस आलेला नाही. आला तर माझे सगळे नियम मोडून घेईन, मग तो बाँड असो, शेअर असो की साधी पावती.

सध्या माझा डोळा आहे व्हर्जिनियाच्या १८७१ च्या राज्यरोख्यावर, ज्याची कूपनं करात चालत आणि ज्याच्याविरुद्ध महोन निवडणुका लढला. डीलरकडे एक आहे, स्वस्तही आहे, कूपनं बरीच कापलेली, म्हणजे कोणीतरी त्यांनी आपले कर भरलेले. फाइलमध्ये तो दोघांच्या मध्ये चपखल बसेल. अडचण एवढीच की तो रेल्वेचा नाही, त्यावर अध्यक्षाची सही नाही आणि त्यामुळे माझ्या नियमांत तो बसत नाही. बायकोचं म्हणणं, नियम तूच केलेस ना, मग पाचवा कर. डीलरने महिनाअखेरपर्यंत तो बाजूला ठेवलाय.